बिनदारूचं काडतूस

कुडचड्यात रेल्वे फाटकापलीकडे
बोस्त्यांवचं दुकान. पाटीवर अजून
खाणीच्या कंपनीचं नाव, खरवडलेलं, पण वाचता येतं.
तिथे तो सव्वीस वर्षं फिटर होता.
आता बंदुका,
सांगे-केप्याच्या बागायतदारांनी
रानडुकरांपायी परवाने काढून घेतलेल्या,
आणि माझं एक पिस्तूल.

मी तक्रार सांगितली.
तिसरं नाहीतर चौथं अडकतं.
नाक वर करून दारातच उभं राहतं
रुसलेल्या जावयासारखं.
मागच्या स्पर्धेत पंच म्हणाले, बाई, वेळ संपली.
लांबी पुस्तकातलीच धरली होती, मी म्हटलं,
केसभर इकडेतिकडे नाही.

बोस्त्यांव हसला नाही.
"पुस्तक कोणाच्या पिस्तुलाचें?"

माझं एक काडतूस कॅलिपरच्या जबड्यात धरून
त्याने मान हलवली,
पत्रिका बघणारे भटजी हलवतात तशी.
"लांब जाल्यार घांसता," तो म्हणाला,
"मोटवें जाल्यार आपटता."
मॅगझिन म्हणजे एक अरुंद खोली,
पुढच्या भिंतीला नाक घासलं की स्प्रिंग कितीही ढकलो,
वर यायला उशीर.
आखूड असलं की मान खाली घालतं
आणि उतरणीच्या पायथ्याशी डोकं आपटतं.
शिवाय आखूड केलं की आतली जागा घटते,
दाब वाढतो, तो तुझा हात विचारून वाढत नाही.
म्हणून घाई नाका, बाय.

मग त्याने पाच रिकामी पितळं घेतली,
दारू नाही, टोपी नाही,
नुसतं शिसं बसवलेलं.
"गोंयांत बिनदारूचें कितेंच मेळना म्हणटात.
हांव मेळटां."
आणि खिडकीतल्या बाटलीकडे बोट केलं.
तिच्यात तेल होतं, बंदुकीचं.
तीन वर्षं झाली म्हणे.

एकेक भरायचा, सरकपट्टी मागे ओढून सोडायचा.
डोळे मिटलेले.
मला पाचही आवाज सारखेच.
दुसऱ्याला तो "ना" म्हणाला,
चौथ्याला काहीच म्हणाला नाही,
पुन्हा दाबलं, अर्ध्या केसाइतकं,
पुन्हा ओढलं.

अकरा वाजले तसा उठला.
शिशाचे हात साबणाने धुतले. तीनदा.
बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून.
आत पडदा पुरता सरकला नव्हता.
खुर्चीत पिएदाद, उशीला टेकवलेली,
तोंडाची डावी बाजू ओघळलेली.
पेजेचा चमचा अर्धाच भरलेला.
खालच्या ओठावर टेकवून तो थांबला.
तोंडाकडे नाही, तिच्या गळ्याकडे बघत होता.
गळा हलला.
मग दुसरा चमचा.
मी टेबलावरचं कॅलिपर उघडलं, मिटलं,
बाहेर एक ट्रक तांबडी धूळ उडवत गेला
आणि बराच वेळ ती खाली बसली नाही.

परत आला तेव्हा कानसुलावर पेजेचा एक थेंब.
मी सांगितलं नाही.
चौथं काडतूस माझ्या पिस्तुलात सोडलं त्याने,
आणि या वेळी मलासुद्धा ऐकू आलं,
आवाज नव्हे खरं तर,
आवाजात जे खरखरायचं ते नसणं.

सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर आकडा लिहून दिला,
खाली पोर्तुगीज वळणाच्या अक्षरांत:
हेंच पिस्तूल, हेंच शिसें.
शिसं बदललं तर परत ये.
पैसे घेतले, मोजले, दहा रुपये परत केले.

रविवारी किती गुण पडले ते राहू दे.
तिसरं गेलं.
चौथं गेलं.

ते बिनदारूचं अजून पर्समध्ये आहे,
किल्ल्यांना लागून वाजतं.
सावर्ड्याच्या नाक्यावर एकदा पोलिसाने बाहेर काढलं,
परवाना वाचला, मला न्याहाळलं,
मग ते कानाशी धरून हलवलं.
काहीच वाजलं नाही.
त्याने पुन्हा हलवलं.